केस गळतात? बाटली आणण्याआधी कारण शोधूया

आज आपण केस गळण्याविषयी बोलणार आहोत. कुणापाशी बोलायची लाज वाटते, म्हणून मनात ठेवून झुरतो असा हा विषय.

केसांवर भांडी देणारी बाई दारात आली की आपण कोनाड्यात साठवलेला गुंता काढून देतो. आमच्या गटातल्या एका वहिनींचा गुंता एकदा एवढा मोठा निघाला, की ती बाईच म्हणाली, "ताई, तब्येत दाखवा." वहिनींचं बाळ तेव्हा चार महिन्यांचं होतं. तेलाच्या दोन महागड्या बाटल्या संपल्या होत्या आणि तिसरीसाठी त्यांनी गटाकडे कर्ज मागितलं. कर्ज देण्याआधी आम्ही त्यांना आशाताईंबरोबर दवाखान्यात पाठवलं. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन 8! गरोदर नसलेल्या बाईचं ते 12 तरी हवं. रक्त कमी होतं आणि आपण तेल चोळत बसलो होतो.

आधी एक समजून घेऊ. रोज 50 ते 100 केस गळणं हे नेहमीचंच आहे. बाळंतपण, मोठा ताप, ऑपरेशन किंवा मनाला बसलेला धक्का, यानंतर दोन-तीन महिन्यांनी केस पुंजक्याने गळतात. ताप विसरलेला असतो, म्हणून त्याचा संबंध लक्षात येत नाही. हे गळणं बहुधा काही महिन्यांत आपोआप थांबतं. पण केस महिन्याला जेमतेम एक सेंटिमीटर वाढतो, म्हणून वेणी पहिल्यासारखी व्हायला वेळ लागतो.

कारण कुठे दडलेलं असेल सांगता येत नाही. 2025 च्या सुरुवातीला बुलढाणा जिल्ह्यात, शेगाव तालुक्यातल्या काही गावांत लोकांचे केस मुठीने हातात येऊ लागले. कुणी शाम्पूला दोष दिला, कुणी पाण्याला. डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी तपास केला, तेव्हा खाण्यातल्या गव्हात सेलेनियम नावाचा घटक फार जास्त असल्याचं त्यांना आढळलं. शरीराला सेलेनियम लागतं, पण अगदी थोडं. जास्त झालं तर त्यानेच केस गळतात. केसांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या काही गोळ्यांतही ते असतं. म्हणून शेजारणीने सांगितली म्हणून गोळी घेऊ नका.

डॉक्टरांकडे गेलात की विचारा: माझं हिमोग्लोबिन तपासायचं का? थायरॉईड तपासायचं का? पाळी अनियमित असेल, अंगावरून जास्त जात असेल, हनुवटीवर केस येत असतील, तर तेही न लाजता सांगा. चालू असलेल्या सगळ्या गोळ्या सोबत न्या.

आता उपचार. रक्त कमी असेल तर लोहाच्या गोळ्या उपकेंद्रात मिळतात. त्या लिंबूपाण्याबरोबर घ्या, चहाबरोबर नको. शौचाला काळं होतं, त्याला घाबरू नका. थायरॉईडचा त्रास निघाला तर त्याची गोळी.

भांग रुंदावत चालला असेल, टाळू दिसू लागली असेल, तर डॉक्टर मिनॉक्सिडिल नावाचं लावायचं औषध देतात. सुरुवातीच्या आठवड्यांत केस उलट जास्त गळल्यासारखे वाटतात. तेव्हा घाबरून सोडू नका. गुण दिसायला चार ते सहा महिने लागतात, आणि औषध बंद केलं की फायदाही हळूहळू जातो. म्हणून सुरू करण्याआधी खर्चाचा विचार करा. गरोदर असाल, दिवस राहायची शक्यता असेल किंवा बाळ अंगावर पीत असेल, तर हे आधी डॉक्टरांना सांगा. पुरुषांना केसांसाठी देतात ती फिनास्टेराईडची गोळी घरात असली तरी आपण घ्यायची नाही. पोटातल्या बाळाला त्याने धोका होऊ शकतो.

रुपयाएवढी गुळगुळीत चाई पडली तर तिथे लसूण घासू नका, कातडी भाजते. चाई कधी आपोआप भरते, नाही तर डॉक्टर तिथे इंजेक्शन देतात. लेकराच्या डोक्यात खपली धरून केस तुटत असतील तर तो नायटा असू शकतो. त्याला नुसतं मलम पुरत नाही, पोटातून औषध लागतं. आणि डोकं लाल होऊन आग होत असेल, पू येत असेल, तर थांबूच नका. तिथली मुळं एकदा मेली की केस परत येत नाहीत.

घरी काय करायचं? अंबाडा आणि वेणी सैल बांधा, ओले केस ओढून विंचरू नका. डाळ, उसळ, अंडी, पालेभाजी आपल्याही ताटात घ्या. सगळ्यांचं झाल्यावर उरलंसुरलं नको. तेल लावायला हरकत नाही, पण तेलाने रक्त वाढत नाही.

आमच्या वहिनींनी सांगितल्याप्रमाणे गोळ्या घेतल्या. पुन्हा तपासलं तेव्हा हिमोग्लोबिन 11 च्या वर गेलं होतं. कपाळापाशी आता बारीक नवे केस उभे राहिलेत. त्या म्हणतात, "केस येतील तेव्हा येतील, पण जिना चढताना दम लागत नाही आता."

तर मैत्रिणींनो, येत्या बैठकीत एकमेकींना एवढंच विचारूया: तुझं रक्त शेवटचं कधी तपासलंस? आम्हीही विचारणार आहोत.