लोखंडाचा एकच थर



लोखंडाला चुंबक चिकटतो, तांब्याला चिकटत नाही, हे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. त्यावरून चुंबकत्व हा लोखंडाचा अंगचाच गुण होय, अशी समजूत होते. ती पुरती खरी नाही. हेच लोखंड अवघ्या एका अणूच्या जाडीने दुसऱ्या धातूवर पसरले, की त्याने कसे वागावे यात खालच्या धातूचाही मोठा वाटा असतो.

लोखंडाच्या अणूत २६ इलेक्ट्रॉन असतात आणि प्रत्येक इलेक्ट्रॉन हा एक सूक्ष्म चुंबकच असतो. बहुतेकांच्या उलटसुलट जोड्या जमून त्यांचा प्रभाव मावळतो. प्रश्न उरलेल्यांचा असतो. धातूमध्ये इलेक्ट्रॉनांसाठी ऊर्जेच्या पायऱ्या असतात. पायविहिरीत पाणी तळापासून चढत एका पायरीशी थांबावे, तसे इलेक्ट्रॉन खालच्या पायऱ्या भरीत एका पातळीशी थांबतात. त्या पातळीपाशी पायऱ्यांची पुरेशी दाटी असेल, तर इलेक्ट्रॉनांना एकाच दिशेने राहण्यात ऊर्जेची बचत होते. ब्रिटिश शास्त्रज्ञ एडमंड स्टोनर यांनी १९३८ मध्ये हा विचार सविस्तर मांडला. लोखंड, कोबाल्ट व निकेल ही कसोटी पार करतात. तांबे करीत नाही.

आता टंगस्टनचा स्फटिक घ्यावा. त्याच्या ज्या पृष्ठावर अणू दाटीने बसलेले असतात, तेथे लोखंडाचा एकेरी थर ठेवला तर त्याचे सर्व अणुचुंबक एका दिशेने राहतात. मात्र ही शिस्त सुमारे २३० केल्विनपर्यंतच, म्हणजे शून्याखाली ४३ अंश सेल्सिअसपर्यंतच टिकते. जाड लोखंडात ती ७७० अंशांपर्यंत टिकते.

त्याच स्फटिकाच्या चौरस मांडणीच्या पृष्ठावर निराळाच प्रकार घडतो. २००५ मध्ये हॅम्बुर्ग येथील संशोधकांनी चुंबकीय टोकाच्या सूक्ष्म सुईने असा थर तपासला. बुद्धिबळाच्या पटासारखी रचना दिसली: एक अणुचुंबक वर, शेजारचा खाली. एकूण बेरीज शून्य! बाहेरून पाहणाऱ्याला चुंबकत्व नाहीच असे वाटावे. पण प्रत्येक अणू चुंबकच असतो.

याचे कारण असे, की येथे लोखंडाच्या ऊर्जापायऱ्या टंगस्टनच्या पायऱ्यांत मिसळतात. दोन विहिरींचे झरे आतून जुळावेत, तसे हे घडते. मग पाण्याची पातळी कोठे येते, यावर सारे अवलंबून राहते. टँटलमच्या अणूत टंगस्टनपेक्षा एकच इलेक्ट्रॉन कमी असतो. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या गणितांनुसार टँटलमच्या चौरस पृष्ठावर हाच थर पुन्हा एकदिश होतो, आणि दोन धातूंच्या मिश्रणाचे प्रमाण बदलून एका अवस्थेतून दुसरीकडे जाता येते.

पाठ्यपुस्तकातील वाक्य यामुळे खोटे ठरत नाही. ते जाड लोखंडाचे वाक्य आहे, इतकेच. पातळ थरांच्या अभ्यासाचे महत्त्व मात्र व्यवहारातही दिसून आले आहे. लोखंड व क्रोमियम यांच्या पातळ थरांतील विद्युत्‌रोध चुंबकाने मोठ्या प्रमाणात बदलतो, हे १९८८ मध्ये फ्रान्समध्ये आल्बेर फेर व जर्मनीत पेटर ग्र्युनबेर्ग यांनी स्वतंत्रपणे दाखविले. पुढे संगणकाच्या चुंबकीय तबकडीवरील माहिती वाचणारी टोके याच तत्त्वावर बनू लागली, आणि २००७ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक या दोघांना मिळाले.