शिकवलेली तारीख आणि तिचा आधार

शाळेत मिळणाऱ्या ज्ञानाचा फार मोठा भाग विद्यार्थ्याने स्वतः पाहिलेला नसतो. तो शिक्षकाच्या आणि पुस्तकाच्या शब्दावर स्वीकारलेला असतो. न्यायदर्शनाने अशा ज्ञानाला कमी लेखलेले नाही. प्रत्यक्ष, अनुमान आणि उपमान यांच्या बरोबरीने त्याने शब्द हे चौथे प्रमाण, म्हणजे यथार्थ ज्ञानाचे साधन, मानले आणि तो शब्द आप्ताचा असावा एवढी अट घातली. येथे आप्त म्हणजे सोयरा नव्हे, तर ज्याला विषयाचे साक्षात ज्ञान आहे आणि जे जसे आहे तसेच सांगण्याची ज्याची इच्छा आहे, असा माणूस. भाष्यकार वात्स्यायनाने हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या सर्वांना सारखेच लावले. म्हणजे सांगणारा कोण यापेक्षा त्याला ते कशावरून कळले, हा प्रश्न निर्णायक ठरला.

या प्रश्नाची कसोटी महाराष्ट्रात शिवाजी महाराजांच्या जन्मतिथीच्या निमित्ताने लागली. ग्रँट डफने 1826 मध्ये प्रसिद्ध केलेल्या इतिहासात जन्माचे वर्ष 1627 दिले होते, उत्तरकालीन बखरींतही शके 1549 हेच साल येत होते, आणि पिढ्यान्‌पिढ्या विद्यार्थी तेच पाठ करीत आले. पुढे कारीच्या जेधे देशमुखांच्या घराण्यातील शकावली, म्हणजे सालवार घटनांची टिपणे, लोकमान्य टिळकांच्या हाती आली आणि 1916 मध्ये ती छापून प्रसिद्ध झाली. तिच्यात जन्म शके 1551, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार असा नोंदलेला आहे. एका कागदावरून रूढ मत सोडणे अनेक अभ्यासकांना मान्य नव्हते, आणि त्यांचा तो हट्ट सर्वस्वी गैर म्हणता येणार नाही. परंतु महाराजांचा समकालीन कवी परमानंद याचे ‘शिवभारत’ हे संस्कृत काव्य तंजावरला सापडले, सदाशिव महादेव दिवेकरांनी ते 1927 मध्ये प्रकाशित केले, आणि त्यातही शके 1551 ची तीच तिथी निघाली. जोधपूरला मिळालेल्या जन्मकुंडलीनेही त्याच तिथीला पुष्टी दिली.

या साक्षींचे बळ त्यांच्या संख्येत नाही. एकाच मूळ बखरीवरून उतरवलेल्या दहा बखरी मिळाल्या तरी साक्षीदार एकच राहतो, कारण पहिल्याची चूक बाकीच्या नऊ जणांनी इमानेइतबारे उतरवून घेतलेली असते. उलट मावळातील देशमुखांचे दप्तर, तंजावरचे हस्तलिखित आणि मारवाडातील कुंडली यांनी एकमेकांवरून नक्कल केली असण्याचा संभव फार थोडा, म्हणून त्यांचे एकमत वजनदार ठरते. शिवाय शकावलीने तिथीसोबत वारही दिल्यामुळे पडताळणीची वाट खुली राहिली: पंचांगाचे गणित करून पाहिले असता त्या तिथीला शुक्रवारच येतो. ज्या विधानात ते खोटे ठरण्याची अशी जागा असते आणि जे तरीही टिकते, त्यावर अधिक विश्वास ठेवणे रास्त होय.

महाराष्ट्र शासनाने 2001 मध्ये या तिथीशी जुळणारी 19 फेब्रुवारी 1630 ही तारीख स्वीकारली. ही तारीख ज्युलियन गणनेची आहे, आजच्या ग्रेगोरियन गणनेने तो दिवस 1 मार्च येतो, हे मात्र फारसे कोठे शिकवले जात नाही. आणि 1627 च्या जागी 1630 पाठ करणारा विद्यार्थी ज्ञानाच्या दृष्टीने पुढे सरकला असेही त्यामुळे म्हणता येत नाही, कारण त्याने केवळ जुन्या आकड्याच्या जागी नवा आकडा ठेवलेला असतो. शालेय पुस्तकात या तारखेखाली शकावली, काव्य आणि कुंडली यांचा निर्देश करण्यास दोन ओळींहून अधिक जागा लागणार नाही, आणि पाठ्यपुस्तक तयार करणाऱ्यांनी त्या दोन ओळी अवश्य छापाव्यात.