झाकण्याआधी पाहिलं होतं का?

(सामुदायिक रेडिओवर झालेल्या भाषणाचा मजकूर)

कामं आवरली असतील तर निवांत बसून ऐका, नसतील तर भाकरी थापता थापता ऐका. मी तुमची सहयोगिनी बोलतेय. एरवी आपण बचत, कर्ज, व्याज, शेळी, शिलाई यांवर बोलतो. आजचा विषय मात्र लांबचा आहे, पार इंग्लंड-स्कॉटलंडचा. पण तो फिरून आपल्या सहीपाशीच येऊन थांबणार आहे, म्हणून शेवटपर्यंत ऐका.

माझ्या नणंदेची मुलगी इंग्लंडमध्ये असते. पुण्यात भूगर्भशास्त्र शिकली, तिकडे जाऊन पुढचं शिकली आणि आता नोकरी करते. दिवाळीत तिचा फोन आला. म्हणाली, "मामी, फार बोलत नाही, परीक्षेचा अभ्यास चाललाय."

मी म्हटलं, "अगं, शिक्षण झालं, नोकरी लागली, आता कसली परीक्षा?"

"घर बांधताना जमिनीतला गॅस आत येऊ नये म्हणून फरशीखाली एक पडदा घालतात. तो नीट घातलाय का, हे तपासणाऱ्यांची."

मला हसूच आलं. म्हटलं, "प्लास्टिक बघायला परीक्षा?"

तर ती म्हणाली, "बघायला नाही मामी. बघितलं असं लिहून द्यायला."

ते वाक्य माझ्या डोक्यात राहिलं. का राहिलं ते शेवटी सांगते. आधी तिनं मला जे समजावलं ते तुम्हाला सांगते.

गोबरगॅस तुमच्यापैकी बऱ्याच जणींकडे आहे. शेण कुजतं आणि त्यातून मिथेन निघतो. तोच आपल्या शेगडीत जळतो. आता शेणाच्या जागी शहराचा कचरा घ्या. जुन्या खाणीच्या खड्ड्यात तो वर्षानुवर्षं टाकला, वरून माती लोटली, तरी आत कुजणं चालूच राहतं. तिथंही मिथेन तयार होतो आणि सोबत कार्बन डायऑक्साइड. त्याला ना टाकी आहे ना पाइप, मग तो जमिनीतल्या भेगांमधून वाट काढतो. ब्रिटनमध्ये कोळशाच्या जुन्या खाणीही पुष्कळ. त्या बंद झाल्या, तरी जमिनीखालचे बोगदे तसेच पोकळ राहिलेत आणि त्यातूनही गॅस वर येतो. घरं तर लोकांना हवीतच, म्हणून अशा जमिनींवर किंवा त्यांच्या शेजारी वस्त्या उभ्या राहतात.

इंग्लंडमध्ये डर्बीशायर भागात लॉस्को नावाचं गाव आहे. २४ मार्च १९८६ ला सकाळी तिथला एक बंगला स्फोटात उद्ध्वस्त झाला. घरातली तिन्ही माणसं जखमी झाली. जवळच्या जुन्या खड्ड्यात कचरा भरलेला होता, त्यातला मिथेन जमिनीखालून सरकत घराखाली आला होता. त्या रात्री हवेचा दाब झपाट्यानं उतरला. वरचा दाब कमी झाला की जमिनीत अडकलेला गॅस जोरानं बाहेर येतो. हवेत मिथेन साधारण ५ ते १५ टक्के झाला की एक ठिणगी पुरते.

दुसरी गोष्ट स्कॉटलंडची, एडिंबराजवळच्या गोरब्रिज गावची. हा कोळशाच्या खाणींचा भाग. तिथल्या स्थानिक परिषदेनं लोकांना भाड्यानं देण्यासाठी नवी घरं बांधली, २००९ मध्ये लोक राहायला आले. २०१३ च्या सुमारास रहिवाशांना त्रास होऊ लागला. शोध घेतला तेव्हा कळलं की जुन्या खाणीतून कार्बन डायऑक्साइड वर येऊन घरात साठतोय. या गॅसला वास नाही, रंग नाही. डोकं दुखतं, चक्कर येते, थकवा येतो आणि माणूस म्हणतं की झोप नीट झाली नसेल. त्या घरांखाली गॅस अडवणारा पडदा घातलेलाच नव्हता. शेवटी लोकांना हलवावं लागलं आणि ६४ घरं पाडावी लागली. नवी कोरी घरं, मैत्रिणींनो. घर म्हणजे काय असतं ते तुम्हाला मी सांगायला नको.

आता हा गॅस अडवतात कसा? नणंदेच्या मुलीनं सोपं करून सांगितलं. आधी जमिनीत भोकं पाडून, नळ्या बसवून गॅस किती आणि कोणता आहे ते मोजतात. एकदा मोजून भागत नाही, कारण हवेच्या दाबाप्रमाणे तो कमीजास्त होतो. मग त्या जमिनीचा धोका कोणत्या पायरीचा आहे ते ठरतं. तिकडे यासाठी बीएस ८४८५ नावाचं मानक आहे. त्यात मुख्यतः तीन उपाय आहेत. एक म्हणजे काँक्रीटची भक्कम जमीन. दुसरा, फरशीखाली मोकळी जागा ठेवून वारा खेळता ठेवणं, म्हणजे गॅस साठत नाही. आणि तिसरा तो पडदा, त्याला ते मेंब्रेन म्हणतात. धोका असेल तिथे एकाच उपायावर विसंबत नाहीत, दोन तरी जोडीनं करतात. आपण नाही का, कुलूप लावून वर कडीही घालतो, तसंच.

हा पडदा म्हणजे ओल येऊ नये म्हणून घालतात तो साधा प्लास्टिकचा कागद नव्हे. ओल अडवणारा कागद गॅस अडवेलच असं नाही. हा जाड असतो आणि त्यातून गॅस किती पाझरतो याची कारखान्यात चाचणी झालेली असते. पण कारखान्यातून चांगला आला म्हणून जमिनीवर चांगला बसला, असं होत नाही. दोन पट्ट्यांचा जोड नीट चिकटायला हवा. पाण्याचा पाइप, विजेची नळी जिथून वर येते, तिथे भोवती टोपीसारखा तुकडा बसवून सगळीकडून बंद करावं लागतं. जोड ओला असेल, धूळ असेल, तर तो धरत नाही. आणि सगळं झकास झालं, तरी दुसऱ्या दिवशी सळई बांधणारे येतात. कुणाच्या बुटाखाली खडा असतो, कुणाची सळई टोचते. एवढंसं भोक पडतं आणि त्यावर काँक्रीट ओतलं जातं.

काँक्रीट पडलं की विषय संपला. मग घर घेणाऱ्याला ते भोक कधीच दिसणार नाही. स्वयंपाकघराच्या ओट्याची फरशी तडकली तर आपल्याला दिसते, छत गळलं तर दिसतं. हे मात्र दिसत नाही. म्हणून तपासणी व्हायची ती पडदा घातल्यानंतर आणि झाकण्याआधी. तेवढाच काय तो वेळ असतो.

ही तपासणी कशी करायची, याचं मार्गदर्शन २०१४ मध्ये सिरिया या संस्थेनं सी ७३५ नावानं छापलं. नुसतं डोळ्यांनी बघणं आलं, जोडावर हवेचा झोत मारून कड उचलते का बघणं आलं, आणि गरज असेल तर पडद्याखाली धूर किंवा ओळखता येईल असा गॅस सोडून तो कुठून वर येतो का तेही बघणं आलं. किती वेळा जायचं, हे जमिनीचा धोका आणि पडदा घालणाऱ्यांचं कसब यांवर ठरतं. त्यात एक तत्त्व मला फार आवडलं. ज्यानं पडदा घातला, त्यानंच "बरोबर घातलाय" असं सांगून चालत नाही. तपासणारा वेगळा हवा.

पण तपासणारा वेगळा असला तरी त्याला कळतंय का? पूर्वी बांधकामावरचा कुणीही चार फोटो काढून अहवाल देऊ शके. नगर परिषदेच्या टेबलावर अहवाल आला की तो कागदच दिसतो, लिहिणाऱ्याला काय येतं ते दिसत नाही. म्हणून तिकडे क्लेअर नावाच्या संस्थेनं या पडताळणीचं काम करणाऱ्यांसाठी मान्यतेची योजना सुरू केली. त्यात दोन पायऱ्या आहेत, एक तंत्रज्ञाची, दुसरी तज्ज्ञाची. अनुभव दाखवावा लागतो, ज्ञान तपासलं जातं, मग मान्यता मिळते. त्यामुळे घर बांधणाऱ्याला आणि अहवाल वाचणाऱ्यालाही कळतं की या सहीमागे कोण आहे.

मी तिला विचारलं, "मान्यता मिळाली म्हणजे माणूस खोटं लिहिणार नाही, असं थोडंच आहे?"

ती म्हणाली, "नाही मामी. पण नाही म्हणायला बळ येतं." आणि मग तिनं तिच्या कामावरची गोष्ट सांगितली.

एका वस्तीत ती तपासणीला गेली. पावसानं गाडी उशिरा पोचली. रांगेतली पाच घरं तपासायची होती, पण एका घराच्या पडद्यावर सकाळीच काँक्रीट ओतून झालं होतं. तिथला साहेब म्हणाला, "तीच माणसं, तोच पडदा, बाजूची चारही घरं तू पाहिलीस, चांगली आहेत. हेही चांगलंच असणार. लिही की." ती नवी, परक्या देशातली, वयानं लहान. चारचौघांत उभी. तिनं चार घरांचं लिहिलं आणि पाचव्यापुढे लिहिलं, "हे काम मी पाहिलेलं नाही." साहेब चिडला, तिच्या कार्यालयात फोन गेला. त्या एका घरासाठी वेगळी चाचणी करावी लागली, खर्च वाढला, दिवस गेले.

मी विचारलं, "मग त्या घरात दोष निघाला का?"

"नाही निघाला."

"मग एवढं करून काय मिळालं?"

ती म्हणाली, "आता ते घर खरंच तपासलेलं आहे."

मैत्रिणींनो, फोन ठेवला आणि मला माझी एक सही आठवली. आजवर मी ती कुणाला सांगितली नव्हती. आज सांगते.

काही वर्षांपूर्वी आपल्याच एका गटातल्या ताईंनी कर्ज घेऊन गोबरगॅस बांधला. कर्जाचा शेवटचा हप्ता सोडायचा तर "काम पूर्ण झाल्याची पाहणी केली" असं मी लिहून द्यायचं होतं. मार्चअखेर होती. त्या दिवशी माझ्यापुढे कागदांचा ढीग होता. मी गेले तेव्हा टाकीपासून स्वयंपाकघरापर्यंतचा पाइप मातीखाली गेला होता, वर ओट्याजवळ कोबाही झाला होता. गवंडी म्हणाला, "ताई, मी वीस वर्षं हेच करतोय." शेगडी पेटवून दाखवली, निळी ज्योत आली. मी चहा घेतला आणि सही केली.

पावसाळ्यात एका पहाटे त्या ताईंच्या सासूबाई चूल पेटवायला स्वयंपाकघरात गेल्या. हातात काडेपेटी. दार उघडताच त्यांना नासक्या अंड्यांसारखा वास आला. त्या तिथूनच मागे फिरल्या, काडी ओढली नाही. दारं-खिडक्या उघडल्या, टाकीचा कॉक बंद केला, सगळ्यांना बाहेर काढलं. नंतर खणून पाहिलं तर ओट्याखाली पाइपाचा एक जोड नुसताच एकात एक खुपसलेला होता, चिकटवलेला नव्हता. गॅस जमिनीतून झिरपून कोब्याच्या फटीतून वर येत होता.

त्या घरात दोन लहान मुलं झोपलेली होती. ती वाचली ती सासूबाईंच्या नाकामुळे. माझ्या सहीमुळे नाही. उलट माझ्या सहीनं त्या घराला सांगितलं होतं की काळजी करू नका, कुणीतरी पाहिलंय. कुणीही पाहिलं नव्हतं. मला कुणी बोललं नाही. ताई तर म्हणाल्या, "जाऊ द्या, तुम्हाला काय माहीत आतलं." पण आतलं माहीत नाही, हेच तर मी लिहायला हवं होतं.

आपण बायका आता किती ठिकाणी सह्या करतो बघा. गटाच्या वहीवर अध्यक्ष आणि सचिव म्हणून, शाळेच्या व्यवस्थापन समितीत, ग्रामपंचायतीत सदस्य म्हणून, पोषण आहाराच्या मालाच्या पोचपावतीवर. पूर्वी आपल्याला सही करू देत नव्हते. आता करायला लावतात, आणि "ताई, इथं फक्त सही करा" असंही म्हणतात. त्या "फक्त" शब्दापाशी थांबायला शिका.

मी आता सहीआधी स्वतःला तीन प्रश्न विचारते. मी स्वतः पाहिलं का? झाकण्याआधी पाहिलं का? आणि जे पाहिलं ते मला कळतं का? तिन्हीला हो असेल तर सही. पाहिलं नसेल तर "पाहिलेलं नाही" असं लिहून खाली सही. कळत नसेल तर ज्याला कळतं त्याला बोलवायचं. गटाचा हिशोब लिहिणारीनंच तो तपासायचा नाही, हा नियम आपण पाळतोच. बांधकामालाही तोच लावायचा. आता आपल्या केंद्रात गोबरगॅसचा पाइप उघडा असतानाच दोघी जणी जाऊन बघतात, प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी लावतात. बुडबुडे आले की जोड पुन्हा करायचा, मग माती. गवंडी पहिल्यांदा कुरकुरला, आता स्वतःच बोलवायला येतो.

जाता जाता एक सांगते. गोबरगॅसची किंवा शौचालयाची टाकी उघडून आत डोकावू नका, कुणाला उतरवू नका, आणि तिथे काडी, कंदील नेऊ नका. बंद पडलेल्या विहिरीतही उतरू नका. पहिला बेशुद्ध पडला म्हणून दुसरा उतरतो आणि दोघंही जातात, हे आपल्याकडे घडत आलंय. मदत बोलवा, स्वतः उडी घेऊ नका.

नणंदेची मुलगी परीक्षा पास झाली. तिचा फोटो आलाय, डोक्यावर पिवळं हेल्मेट, बूट चिखलानं भरलेले. तिच्या आजीनं फोटो पाहिला आणि विचारलं, "एवढी शिकली आणि चिखलात काय करते?" मी म्हटलं, "आई, लोकांची घरं झाकण्याआधी बघते."

चला, भाकरी करपायच्या आत थांबते. पुढच्या बुधवारी भेटू. नमस्कार.