वासराचा पहिला घोट

(प्रभागसंघाच्या मासिक बैठकीत मी जे बोलले ते, ज्या ताईंना येता आलं नाही त्यांच्यासाठी इथे लिहून देते आहे.)



आज परतफेडीचं काही काढणार नाही, निवांत बसा. आज जनावराच्या अंगातल्या गाठींबद्दल बोलायचंय. माझं शिक्षण समाजकार्याचं, मी जनावरांची डॉक्टर नाही. पण आपल्या गटांमधून कर्ज निघतं ते जास्त करून गाय, म्हैस आणि शेळीसाठीच. म्हणून हे शिकून घ्यावं लागलं.

२०२२ साली लम्पी आला तेव्हाचं आठवतं ना? जनावरांचे बाजार बंद झाले, गोठ्यात धूर केला, गोचीड वेचले. तेव्हा अंगभर कातडीवर फोड उठले होते. पण त्याशिवाय खांद्याच्या पुढे आणि मागच्या मांडीच्या वर, कुशीजवळ, मोठ्या गाठी सुजल्या होत्या. एका मावशीनं मला विचारलं होतं, "ती गाठ कापून का टाकत नाहीत?" तेव्हा मला उत्तर आलं नव्हतं. आज देते. मावशी, पायाला काटा लागून पिकला की आपल्या जांघेत अवधाण येतं ना? तीच ही गाठ. ती आजारानं तयार झालेली नसते, आधीपासूनच असते. ती म्हणजे अंगातली पोलीस चौकी. रोगजंतू आला की तिथं शिपाई गोळा होतात, वाढतात, म्हणून ती फुगते. कापायची नसते.

अशा चौक्या अंगभर असतात. शिपाई जन्मतात हाडाच्या मगजात. त्यातल्या काहींचं प्रशिक्षण थायमस नावाच्या ग्रंथीत होतं. ही वासराच्या गळ्यापासून छातीपर्यंत असते, लहानपणी चांगली मोठी असते आणि जनावर वयात आलं की आक्रसत जाते. रक्त गाळणारी चौकी म्हणजे पाणथरी, मटणाच्या दुकानात जिला तिल्ली म्हणतात ती. आतड्यातही लांब पट्टे असतात. कोंबड्या पाळणाऱ्या ताईंना गंबोरो माहीत आहे. तो रोग पिल्लाच्या शेपटीकडच्या एका पिशवीवर घाव घालतो, कारण कोंबडीचे शिपाई तिथं तयार होतात. गाय-शेळीला ती पिशवी नसते. त्यांच्यात ते काम लहानपणी बरंचसं आतड्यातला पट्टा करतो.

हे सगळं गाभणपणातच उभं राहतं. थायमस साधारण चाळिसाव्या दिवशी दिसायला लागते. दोन महिने होईतो पाणथरी आणि गाठी येतात. आतड्यातले पट्टे उशिरा, सहाव्या महिन्याच्या सुमारास. म्हणजे नऊ महिने भरून गाय जनते तेव्हा वासराच्या सगळ्या चौक्या बांधून तयार असतात.

पण चौकीत हत्यार नसतं! मुख्य गोष्ट हीच.

आपल्या बाळाला पोटात असतानाच, शेवटच्या महिन्यांत, वारेतून आईकडून रोगाशी लढणारी प्रथिनं मिळतात. गाय, म्हैस, शेळी, मेंढी यांची वार वेगळी असते. तिच्यातून ही प्रथिनं पलीकडे जात नाहीत. वासरू जवळपास रिकाम्या हातानं जन्मतं. त्याला हत्यार मिळतं ते फक्त चिकातून, आणि तेही वेळेत. नव्या वासराच्या आतड्याला जणू उघड्या खिडक्या असतात, त्यातून ही प्रथिनं जशीच्या तशी रक्तात जातात. पहिल्या सहा तासांत सगळ्यात जास्त जातात, मग खिडक्या बंद व्हायला लागतात आणि चोवीस तासांत जवळपास बंदच. दुसऱ्या दिवशी बादलीभर चीक पाजला तरी तो पोट भरतो, रक्तात जात नाही.

मागच्या वर्षी आपल्याच एका गटातल्या ताईनं कर्ज काढून लाल कंधारी गाय घेतली. गाय संध्याकाळी जनली, कालवड झाली, घरात आनंद. जार पडेपर्यंत पाजायचं नाही असं सासूबाई म्हणाल्या. जार पडला मध्यरात्री. सकाळी चीक काढला, खरवस झाला, शेजारी वाटला. मीही दुसऱ्या दिवशी जाऊन खाल्ला, गोड लागला. कालवडीला उरलासुरला मिळाला. चौथ्या दिवशी तिला हगवण लागली, सहाव्या दिवशी गेली. ताईंनी हप्ता चुकवला नाही. पण तीन वर्षांत जी दुसरी गाय दावणीला उभी राहणार होती, ती गेली. कुणाचं चुकलं असं मी म्हणत नाही. खरवस खाताना मलाही कुठं माहीत होतं?

बघा, आशाताईंनी सांगितल्यापासून सुनेच्या बाळाला आपण तासाभरात पिवळं दूध पाजतो. मग वासराला का थांबवतो? जार पडायची वाट बघू नका. उलट वासरू ओढायला लागलं की पिशवी आकसते आणि जार पडायला मदतच होते. बारा तासांत पडला नाही तर डॉक्टरांना बोलवा, १९६२ ला फोन करा, पण हातानं ओढू नका.

किती पाजायचं? वजनाचा दहावा हिस्सा. देवणी किंवा कंधारीचं वासरू वीस किलोचं धरलं तर पहिल्या दिवसात दोन लिटर, त्यातलं निम्मं पहिल्या दोन तासांत. कास आधी धुऊन घ्या. ते उभं राहत नसेल तर सडाशी धरा नाहीतर बाटलीनं पाजा, नळकांड्यानं ओतू नका, ठसका लागून फुप्फुसात जातं. उस्मानाबादी शेळीला बऱ्याचदा जुळी होतात. दांडगं करडू पिऊन घेतं, बारकं मागं राहतं. आधी बारक्याला लावा. त्याला दिवसभरात पाव लिटरच्या आत, थोडं थोडं, चार-पाच वेळा.

गाय दगावली किंवा तिला चीकच नसेल तर दुसऱ्या निरोगी गायीचा चालतो. ज्यांच्याकडे फ्रिज आहे त्यांनी बाटलीत भरून बर्फाच्या कप्प्यात ठेवावा. लागेल तेव्हा कोमट पाण्यात बाटली धरायची, उकळायचं नाही. खरवस ज्या प्रथिनांमुळे थिजतो, त्यातलाच मोठा हिस्सा ही लढणारी प्रथिनं. उकळली की संपली. खरवस बंद करा असं म्हटलं तर तुम्ही मला गावात येऊ देणार नाही! करा, पण वासराचं भागवून उरेल त्याचा, दुसऱ्या दिवशी.

चिकातलं हत्यार काही महिनेच पुरतं, तोवर वासराचे स्वतःचे शिपाई तयार होतात. फार लवकर लस दिली तर आईकडून आलेली प्रथिनंच ती निकामी करतात. म्हणून लाळ्या-खुरकुताची पहिली लस चौथ्या महिन्यात, महिन्यानं पुन्हा, मग दर सहा महिन्यांनी. सांसर्गिक गर्भपाताची लस फक्त कालवडी-वगारींना, चार ते आठ महिन्यांच्या वयात एकदाच. घटसर्प आणि फऱ्याची सहा महिन्यांनंतर. लस टोचली की लगेच काम होत नाही, दोन-तीन आठवडे लागतात, म्हणून साथ आल्यावर धावपळ करून उपयोग नाही. आणि गाय जनायच्या दोन महिने आधी आटवा. तिच्या अंगात असेल तेच चिकात उतरणार.

ज्यांच्या गायी, म्हशी, शेळ्या पुढच्या दोन महिन्यांत जनणार आहेत त्यांनी आपल्या पशुसखीकडे नाव द्या. तिच्या वहीत या महिन्यापासून दोन नवे रकाने केलेत: जनल्याची वेळ आणि पहिला चीक पाजल्याची वेळ. रात्री दोनला जनली तरी दोनच लिहा.