बर्लिनची गाडी भाईंदरला थांबवायची तर

(मीरा-भाईंदर परिसरातल्या महिला गटांच्या एकत्रित बैठकीत केलेल्या भाषणाचं शब्दांकन)

मैत्रिणींनो,

मागच्या बैठकीत जे पत्र वाचून दाखवलं त्यावरून आपल्यात बरीच वादावादी झाली. एका परदेशी नाट्यगटाला आपल्याबरोबर नवं नाटक बसवायचं आहे. तालमी थोड्या इथे, थोड्या तिकडे. आपल्यातल्या दोघी-तिघींना तिकडे न्यायचं म्हणताहेत. आणि त्यांना हवं काय, तर 'हिंसा सोसलेल्या बायकांच्या गोष्टी'. काही जणी हरखून गेल्या, काही जणी चिडल्या. 'आमचं दुःख विकायला काढलंय का?' असंही कुणी म्हणालं. हो किंवा नाही म्हणण्याआधी थोडं मागचं बघू या, म्हणून मी आज उभी आहे. मी काही नाटकातली जाणकार नाही. पथनाट्यात डफ वाजवत चौकाचौकांत फिरले, तेवढाच माझा अधिकार.

मराठी नाटक परदेशी गेलं म्हटलं की पहिलं नाव निघतं 'घाशीराम कोतवाल'चं. १९७२ साली पुण्यात ते आलं, लगेच वाद झाला, मूळ संस्थेने प्रयोग थांबवले, आणि ते करणाऱ्या मंडळींनी बाहेर पडून १९७३ मध्ये 'थिएटर अकॅडमी' काढली. १९८० मध्ये नाटक युरोपला निघालं तेव्हा पुन्हा गदारोळ. नाना फडणवीसांची बदनामी परदेशात कशाला, म्हणून प्रकरण कोर्टात गेलं. तरी मंडळी गेली आणि नाटकाचं तिकडे कौतुक झालं. सगळा वाद नानांच्या अब्रूचा होता. पण नाटकात ती गौरी आहे ना, घाशीरामाची मुलगी, जिला बाप कोतवालीच्या बदल्यात नानांपुढे करतो आणि जी शेवटी मरून जाते, तिच्या तोंडी फारसं काही नाही. तेंडुलकरांनी ते जाणूनबुजून केलं असेल, त्या मुलीचा कसा सौदा होतो तेच त्यांना दाखवायचं होतं. मला एवढंच म्हणायचं आहे की आपलं नाटक विमानात बसलं म्हणून त्यातली मुलगी बोलायला लागते असं नाही. परदेशी पाहुण्यांच्या पत्रातही मी तेच शोधत होते. बोलणार कोण?

दुसरं उदाहरण विजयाबाई मेहतांचं. सत्तरच्या दशकात पूर्व जर्मनीतल्या वायमारचे दिग्दर्शक फ्रिट्झ बेनेविट्झ मुंबईत आले आणि दोघांनी मिळून ब्रेख्तचं 'अजब न्याय वर्तुळाचा' मराठीत केलं. रूपांतर चिं. त्र्यं. खानोलकरांचं. पुढे विजयाबाईंनी १९८४ मध्ये वायमारला जाऊन तिथल्या नटांना घेऊन 'हयवदन' बसवलं. म्हणजे एकदा ते इकडे, एकदा आपण तिकडे. ही देवाणघेवाण मला बरोबरीची वाटते. त्या ब्रेख्तच्या नाटकात एका मुलावर दोन बायका हक्क सांगतात, एक जन्म देणारी आणि एक जिवावर उदार होऊन सांभाळणारी, आणि न्यायाधीश मूल सांभाळणारीला देतो. आपल्या गोष्टींना हाच न्याय लावावा असं मला सुचलं होतं. पण आपल्या बाबतीत ती गोष्ट जिच्या पोटची आहे, तिनेच ती इतकी वर्षं सांभाळलीही आहे. मग वर्तुळ आखायचं कशाला?

आता मला जास्त वेळ ज्यावर बोलायचं आहे ते सांगते. बर्लिनमध्ये 'ग्रिप्स' नावाचं मुलांचं थिएटर आहे. साठच्या दशकातल्या विद्यार्थी चळवळीच्या वातावरणात ते जन्मलं, फोल्कर लुडविग त्याचे प्रमुख लेखक. तिथे पऱ्या-राजपुत्र नाहीत. घरभाडं, आईबापांची भांडणं, शाळेतली दमदाटी, असे रोजचे विषय, आणि मुलांची कामं मोठी माणसं करतात. १९८६ मध्ये मोहन आगाशे आणि थिएटर अकॅडमीच्या मंडळींनी हे पुण्यात आणलं. मॅक्सम्युलर भवनाची मदत होती. 'छान छोटे वाईट्ट मोठे' हे त्यातलं पहिलं नाटक. श्रीरंग गोडबोले, पुढे विभावरी देशपांडे अशांनी ही वाट चालू ठेवली, आणि नंतर पुण्यातल्या लेखकांनी त्याच पद्धतीने स्वतःची नाटकं लिहिली. एखादं जर्मन नाटक इथे झालं एवढ्यावर मी फार भाळत नाही. जर्मन लोक परत गेल्यावरही इथल्या माणसांच्या हातात एक पद्धत उरली, ते मला मोलाचं वाटतं. पत्र पाठवणाऱ्यांना माझा पहिला प्रश्न हाच असेल: तुम्ही गेल्यावर आमच्याकडे काय उरेल?

याच ग्रिप्सचं मोठ्यांसाठीचं एक संगीत नाटक आहे, 'लीनिए आइन्स', म्हणजे 'लाईन नंबर एक'. तेही १९८६ चंच. लहान गावातली एक मुलगी आपल्या गायक मित्राला शोधत बर्लिनला येते आणि शहरातल्या लोकल गाडीत तिला सगळं शहर भेटतं. नोकरी गेलेले, नशा करणारे, एकटे पडलेले, भांडखोर, प्रेमळ. आपल्याला हे कळायला भाषांतर नको. विरार लोकलमध्ये उभं राहिलेल्या कुठल्याही बाईला विचारा.

हे नाटक दक्षिण कोरियात गेलं त्याची हकीगत तुम्ही ऐकाच. किम मिन-गी नावाचा गीतकार. लष्करी राजवटीत त्याच्या गाण्यांवर बंदी होती. त्याने १९९१ मध्ये सोलमध्ये 'हाकचोन' नावाचं छोटं थिएटर काढलं आणि १९९४ मध्ये ही बर्लिनची गाडी सोलच्या मेट्रोत आणली. नुसती भाषा बदलली नाही. त्याची नायिका चीनमधल्या यानब्यान भागातून आलेली कोरियन वंशाची मुलगी झाली, लग्नाचं वचन देऊन गेलेल्या माणसाच्या शोधात. म्हणजे सोलमध्ये जिला आपल्याच भाषेत परकी ठरवतात अशी. मूळ नाटकात बर्लिनच्या सधन वस्तीतल्या चार विधवा आहेत, नाझी अधिकाऱ्यांच्या. नवऱ्यांच्या पेन्शनवर आरामात राहणाऱ्या, अजून तोच माज. त्या भूमिका पुरुष करतात आणि लोक पोट धरून हसतात. सोलमध्ये त्यांच्या जागी गंगनाम या श्रीमंत भागातल्या मॅडम आल्या, त्याही पुरुषांनीच केलेल्या. २००८ पर्यंत या नाटकाचे चार हजार प्रयोग झाले. आणि हजाराव्या प्रयोगानंतर लुडविगने रॉयल्टी घेणं सोडून दिलं. हे नाटक आता तुमचंच झालं, असा त्याचा अर्थ. २००१ मध्ये कोरियाची मंडळी आपली गाडी घेऊन जर्मनीला जाऊन आली. हाकचोन २०२४ च्या मार्चमध्ये बंद पडलं, किम मिन-गीही त्याच वर्षी गेला, पण ते नाटक कोरियाचं म्हणूनच ओळखलं जातं.

आता समजा ही गाडी भाईंदरला थांबवायची. त्या चार विधवांचं काय करायचं? विधवेला रंगमंचावर आणून हसायचं हे मला जमणार नाही. आपल्याकडे विधवेला आधीच पुरेसं हिणवून झालंय. आणि पुरुषांनी लुगडं नेसून बायकांची कामं करण्यात आपल्याला नवल नाही, बालगंधर्वांच्या महाराष्ट्रात राहतो आपण. आपण उलटं करू. टीसी, पोलीस, सासरा, साहेब, सगळी सोंगं आपल्या बायकाच घेतील. आणि माज दाखवायचाच तर सोसायटीच्या कमिटीतले चार जण दाखवू, जे एकट्या बाईला फ्लॅट द्यायचा नाही म्हणतात, नाव ऐकून मुसलमान कुटुंबाला परत पाठवतात, आणि मीटिंगच्या शेवटी समोसा खातात. मीरा रोडवर राहणाऱ्यांना ही माणसं ओळखायला वेळ लागणार नाही. इथे हसू नका, तुमच्यापैकी दोघी कमिटीवर आहेत!

आणि डब्यात कोण कोण असेल? ५ मे १९९२ ला पश्चिम रेल्वेवर पहिली लेडीज स्पेशल चर्चगेट ते बोरिवली धावली, पुढच्या वर्षी विरारपर्यंत आली. तेव्हापासून त्या गाडीत वाल सोललेत, डोहाळजेवणं झालीत, भजनं झालीत, नवऱ्याने मारल्याचा वळ ओढणीने झाकून कुणी बसलेली असते आणि शेजारची काही न विचारता तिला चौथी सीट देते. विरारवाली आणि भाईंदरवाली यांची भांडणंही आहेतच. बसायला मिळावं म्हणून आपण उलट्या गाडीने जातो आणि मग त्या आपल्यावर ओरडतात. उत्तनची कोळीण आहे, जिची मराठी ऐकून शहरातली बाई नाक मुरडते. इमिटेशन ज्वेलरीचे मणी घरी ओवून गठ्ठा पोचवायला निघालेली आहे. नाइट ड्यूटी करून परतणारी नर्स आहे. आणि पहाटेच्या गाडीत बारमधून सुटलेली मुलगीही असायची. २००५ मध्ये डान्सबारबंदी आली तेव्हा आपल्या चळवळीतच दोन तट पडले होते. कुणाला वाटलं बरं झालं, कुणी विचारलं की यांच्या पोटाचं काय. २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टाने बंदी उठवण्याचा निकाल कायम ठेवला, तरी आपल्यातलं ते बोलणं अर्धवटच राहिलं. नाटकात ती मुलगी दारात उभी असू दे. तिला कोण सरकून जागा देतं ते तालमीत ठरेल. आधी लिहून आणू नका.

कुणी म्हणेल, हे सगळं आपल्याला जमेल का? ज्योती म्हापसेकरांनी लिहिलेलं स्त्री मुक्ती संघटनेचं 'मुलगी झाली हो' १९८३ मध्ये आलं. त्यात कोण होत्या? नोकरी करणाऱ्या, घर सांभाळणाऱ्या कार्यकर्त्या. नेपथ्याचा डामडौल नाही, लोकगीतांच्या चालीवरची गाणी, आणि प्रयोग संपला की चर्चा. ते नाटक गावोगावी पोचलं, अनेक भाषांत गेलं. गर्भलिंगनिदानाविरुद्ध महाराष्ट्रात १९८८ मध्ये कायदा झाला, त्याआधीची ती वर्षं. आपल्या शहरात तर आत्ता आत्तापर्यंत नाट्यगृहच नव्हतं, बोरिवलीला प्रबोधनकार ठाकरेला नाहीतर ठाण्याला गडकरी रंगायतनला जायचं. आता लता मंगेशकरांच्या नावाचं नाट्यगृह झालं आहे. पण पहिला प्रयोग मी तिथे मागणार नाही. शाळेच्या हॉलमध्ये करू, नाहीतर उत्तनला, जिथून बायकांना रात्रीची बस पकडून स्टेशनला यावं लागत नाही.

तर पत्राचं उत्तर. 'हिंसा सोसलेल्या बायकांच्या गोष्टी' ही मागणी मला खटकते, कारण त्यांच्या बाजूने गोष्ट कोण देणार हे त्यात लिहिलेलंच नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सांगितलं की जगात सुमारे तीनपैकी एका बाईने आयुष्यात कधी ना कधी मारहाण किंवा लैंगिक हिंसा सोसली आहे. त्या तिघींतली एक त्यांच्या गटातही असेल. तिनेही बोलावं, आमच्यासमोर, आमच्या हॉलमध्ये बसून. आम्ही ऐकून घेऊ आणि तिला चहा देऊ. त्याला मी देवाणघेवाण म्हणेन. नाहीतर ते आमच्याकडून कच्चा माल नेणं झालं.

जी बाई आपली गोष्ट देईल तिला पहिल्या प्रयोगाच्या आदल्या रात्रीपर्यंत ती परत घेता आली पाहिजे. कारण विचारायचं नाही. सही झाली आहे, तिकिटं काढली आहेत, असलं काही ऐकवायचं नाही. घरी सासू आहे, कोर्टात केस चालू आहे, मुलीचं लग्न ठरतंय, तिचं तिला माहीत. पैशांचं स्पष्ट बोलायचं. त्यांच्या नटाला जेवढा रोज, तेवढाच आपल्या बाईला, आणि बुडालेली मजुरी वेगळी. आपल्याला हे मागताना लाज वाटते, म्हणून मुद्दाम सांगते. तालमीची भाषा मराठी-हिंदी, दुभाष्याचा खर्च त्यांचा. संहितेची मराठी प्रत आपल्याकडे राहील आणि ते नाटक इथे कधीही करण्याचा हक्क आपला. आणि पहिला प्रयोग भाईंदरला. परदेशात कौतुक होऊन मग इथे यायचं नाही, इथल्या बायकांनी 'हे आमच्या डब्यातलं नाही' म्हटलं तर बदलता आलं पाहिजे.

कोण जाणार, यावर मागच्या वेळी सगळ्यात जास्त आवाज चढले होते. व्हिसाच्या खिडकीवर निवड नाट्यगट करत नाही. २०१२ मध्ये वॉशिंग्टनला आंतरराष्ट्रीय एड्स परिषद झाली, तेव्हा अमेरिकेच्या नियमांमुळे देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांना तिथे जाता येत नव्हतं. त्यांनी त्याच वेळी कोलकात्याला आपला मेळावा भरवला आणि जगभरातल्या बायका तिथे आल्या. आपल्या गटात कितीजणींकडे स्वतःच्या नावाचं वीजबिल तरी आहे? बँकेत पैसे दाखवा म्हणतात, कुठून दाखवणार? जाईल ती शिकलेली, कागदपत्रं असलेली, बहुधा माझ्यासारखी. आणि जिची गोष्ट आहे ती घरी पोळ्या लाटत बसेल. म्हणून माझा आग्रह आहे की निम्म्याहून अधिक तालमी इथेच व्हाव्यात, त्यांनी आधी यावं, निदान पंधरा दिवस आपल्याबरोबर सकाळच्या गाडीने जावं-यावं. उभ्याने.

हे सगळं त्यांना मान्य नसेल तर नको. नाटक आपण करूच. डफ माझ्या माळ्यावर आहे, कातडं ढिलं झालंय पण शेकलं की वाजेल.

उत्तराचा मसुदा मी मराठीत लिहून आणला आहे. इंग्रजी नंतर करू, आधी आपल्याला कळू दे आपण काय लिहितोय ते. आता वाचते. जिथे पटणार नाही तिथे लगेच हात वर करा, शेवटपर्यंत थांबू नका.