स्ट्रॉबेरीचे चॉकलेट ट्रफल

महाबळेश्वर-पाचगणीची स्ट्रॉबेरी हिवाळ्यात बाजारात येते. त्या दिवसांत घरी सहज करता येणारा हा गोड पदार्थ.

साहित्य लिहून घ्या: 200 ग्रॅम डार्क चॉकलेट, 60 ग्रॅम फ्रेश क्रीम, 150 ग्रॅम स्ट्रॉबेरी आणि घोळवायला कोको पावडर. चॉकलेट घेताना वेष्टनावरचे घटक वाचा. कोको बटर असलेलंच घ्या. वनस्पती तेलाचं कंपाउंड चॉकलेट चवीला कमी पडतं.

फळात पाणी भरपूर असतं. ताजा रस थेट घातला, तर मिश्रण पातळ राहतं आणि गोळे वळत नाहीत. म्हणून स्ट्रॉबेरी मिक्सरमधून काढून, गाळून, मंद आचेवर आटवा. साधारण 40 ग्रॅम दाट गर उरायला हवा.

आता क्रीम आणि गर एकत्र तापवा. कडेला बुडबुडे दिसताच गॅस बंद करा. हे बारीक चिरलेल्या चॉकलेटवर ओता, दोन मिनिटं थांबा आणि मध्यापासून हलक्या हाताने ढवळत कडेकडे या. तूप सुटल्यासारखं दिसलं, तर चमचाभर कोमट दूध घाला. मिश्रण पुन्हा मिळून येतं.

दोन तास फ्रिजमध्ये ठेवून आवळ्याएवढे गोळे वळा आणि कोको पावडरमध्ये घोळवा. हवाबंद डब्यात, फ्रिजमध्ये ठेवून चार दिवसांत संपवा.

उन्हाळ्यात हीच रीत आटवलेल्या हापूसच्या रसाला लावा. तेव्हा डार्कऐवजी पांढरं चॉकलेट घेतलंत, तर त्याचं प्रमाण थोडं वाढवा.