डासाच्या चाव्याचा खर्च कोणाच्या खात्यावर?

(श्रीरामपूर येथील जिल्हा बैठकीत केलेले भाषण)



भावाच्या आणि पाण्याच्या बैठकीत आज डासावर बोलायचे म्हटल्यावर काहींना हसू येईल. पण ऐन वेचणीत घरातली दोन माणसे तापाने पडली की कापूस बोंडातच लोंबतो, आणि दवाखान्याचे पैसे मात्र रोख मोजावे लागतात. उत्पादनखर्च मांडताना हा खर्च आपण धरतच नाही. म्हणून आधी शत्रू ओळखू.

डास चावतो असे आपण म्हणतो, पण चावते ती मादी. नर फुलांचा, झाडांचा रस पिऊन जगतो. मादीही पोटासाठी तोच रस पिते. पण अंडी तयार व्हायला प्रथिने लागतात, ती तिला रक्तातून मिळतात. दुभत्या म्हशीला सरकी-पेंड लागते, तसाच हा खुराक. एकदा पोटभर रक्त मिळाले की शंभराच्या आसपास अंडी.

ती आपल्याला शोधते ती श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडवरून, घामाच्या वासावरून आणि अंगाच्या उबेवरून. 'रक्त गोड म्हणून डास चावतात' यात तथ्य नाही. गरोदर बाईचा श्वास जास्त, अंगाची ऊबही जास्त, म्हणून तिच्याकडे डास जास्त येतात. घरात मच्छरदाणी एकच असेल तर ती कोणाला द्यायची, हे यावरून ठरवा.

तिची सोंड म्हणजे सहा बारीक सुयांचा जुडगा. एकीतून लाळ आत जाते, दुसरीतून रक्त वर येते. लाळेमुळे रक्त गोठत नाही. आपले शरीर ही लाळ परकी म्हणून ओळखते आणि हिस्टामिन सोडते. त्यानेच गांधी उठते, खाज सुटते. खाज परवडली, पण रोगाचे जंतूही याच लाळेतून आत जातात. २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादेत रोनाल्ड रॉस यांना डासाच्या पोटात हिवतापाचे जंतू सापडले. त्याआधी खराब हवेने हिवताप येतो असा समज होता.

आता आपल्या जिल्ह्याकडे या. भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पुरे झाले. प्रवरेच्या पाटांनी श्रीरामपूरला ऊस दिला. पाट झिरपतो, चारीत पाणी साचते, तिथे हिवतापाचा ॲनॉफिलिस वाढू शकतो. तो रात्री चावतो. हिवतापाचा जंतू आधी यकृतात वाढतो, मग रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो. थंडी वाजून ताप येतो, रक्त कमी होते, अंगातली ताकद जाते.

आम्ही कोरडवाहूवाले म्हणू, आमच्याकडे पाटच नाही, तर डास कुठला? इथेच आपण फसतो. आपला डास पाण्याच्या टंचाईवर वाढतो. नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी येत असेल, तर बाई रांजण, हौद, पिंप भरून ठेवणारच. त्या स्वच्छ साठ्यात एडिस वाढतो. तो दिवसा चावतो आणि डेंग्यू, चिकुनगुन्या देतो. ज्वारीच्या मुलखातल्या बार्शीत १९७३ साली चिकुनगुन्याची मोठी साथ आली होती. नंतर हा रोग देशातून जवळजवळ दिसेनासा झाला, आणि ३२ वर्षांनी २००५ मध्ये परतला. २००६ साली देशभरात सुमारे १४ लाख संशयित रुग्ण नोंदले गेले, त्यांत महाराष्ट्रातलेही लाखांनी होते. ताप आठवड्यात उतरतो, पण सांधे महिनोन्‌महिने धरतात. ज्याच्या मुठीत खुरपे मावत नाही, त्याच्या खुरपणीची मजुरी कोण देणार?

औषध फवारून डास संपतील असे कोणी सांगेल. डीडीटीच्या जोरावर साठीच्या दशकात देशातला हिवताप वर्षाला लाखाच्या आसपास आला होता. १९७६ साली तो ६४ लाखांवर गेला. कारणे अनेक, त्यांतले एक म्हणजे डास औषधाला सरावला. कपाशीवाल्याला हे वेगळे सांगायला नको. बोंडअळीने आपल्याला हाच धडा दिला आहे.

मग करायचे काय? अंड्यापासून उडणारा डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एक दिवस सगळी भांडी रिकामी करून घासायची. नुसते ओतून भागत नाही. एडिसची अंडी काठाला चिकटून कोरड्यातही महिनोन्‌महिने जगतात. फवारणीसाठी बांधावर ठेवलेला ड्रम, गुरांचा हौद, पडलेले टायर विसरू नका. मोठ्या हौदात गप्पी मासे सोडा. पिकावरचे औषध मात्र घरात मारू नका, पाण्यात टाकू नका. डासाआधी घरातले माणूस जाईल.

ताप आला तर सरकारी दवाखान्यात रक्त तपासा. हिवतापाची तपासणी आणि गोळ्या तिथे मोफत आहेत. डेंग्यूला मारणारे इंजेक्शन नाही. सलाईन गरज असेल तरच. तापाला पॅरासिटामॉल घ्या. ॲस्पिरिन टाळा, रक्तस्राव वाढतो. ताप उतरताना पोट दुखले, उलट्या थांबेनात किंवा रक्त दिसले, तर थांबू नका, दवाखाना गाठा.

घासणी आपण करू, ती आपली जबाबदारी. पण पिंप भरून ठेवले म्हणून आमच्या बायकांना दोष देणाऱ्यांना एकच विचारा: नळाला रोज पाणी आले असते, तर पिंप कोणी भरले असते? गावी गेल्यावर येत्या ग्रामसभेत हा प्रश्न मांडा आणि उत्तर लेखी घ्या.